कलाशिक्षण, प्राथमिक शाळांतील

सहा ते अकरा वर्षे वयाच्या मुलांना चित्र, ठसेकाम, कातरकाम, चिकटकाम, घडीकाम, मातीकाम इ. माध्यमांतून आपले अनुभव रंग व आकार यांत मांडावयास लावणारे शालेय शिक्षण. मुलांना चित्रकार वा मूर्तिकार बनविणे हा त्याचा हेतू नसतो. डोळ्यांनी पाहिलेले, हातांनी चाचपलेले आणि मनात साठलेले यांची सांगड घालण्याची सवय मुलांना लागणे, हा त्याचा खरा लाभ होय. एकच विषय अनेक दिवस हाताळून, साहित्य जमविण्यापासून मांडणीपर्यंतची सर्व कामे मुलांनी गटाने पार पाडली, म्हणजे त्यास कलाप्रकल्प म्हणतात.

महाराष्ट्रात हे शिक्षण वरून खाली आले. आधी कलाशाळा निघाली, मग माध्यमिक शाळेत ड्रॉइंगचा तास आला आणि सर्वांत शेवटी प्राथमिक वर्गांचा विचार झाला. यामुळे लहान मुलांसाठी म्हणून जे काही योजले गेले, त्यावर मोठ्यांच्या परीक्षांची छाया दीर्घकाळ राहिली. ती अद्याप पुरती हटलेली नाही.

शाळेबाहेरची परंपरा : पंतोजींच्या शाळेत धुळाक्षरे, मोडी वळण, अंक व पाढे एवढाच अभ्यास असे, चित्राला तेथे स्थान नव्हते. हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांसाठी मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांची मागणी केली. तीतही चित्रकला नाही. यात नवल मानण्याचे कारण नाही. ज्या समाजात मुळाक्षरांचाच दुष्काळ होता, तेथे रंगाची वाटी मागणे कोणास सुचणार ? शिवाय हाताची कला शाळेत शिकावयाची असते, ही कल्पनाच त्या काळी नवीन होती. ती घरात, अंगणात आणि बलुतेदाराच्या पडवीत शिकली जाई. उंबऱ्यापुढची रांगोळी, नागपंचमीचे भिंतीवरील वा पाटावरील नाग, हादग्याचा हत्ती, पोळ्याचे मातीचे बैल, दिवाळीचा आकाशकंदील ही त्या शिक्षणाची वार्षिक पत्रिका होती, असे म्हणता येईल.

यांत दिवाळीचा किल्ला विशेष लक्षणीय आहे. सहामाही परीक्षा संपली, की मुले अंगणाचा एक कोपरा हेरतात. दगडविटा रचून त्यांवर जुनी पोती टाकतात, लाल मातीचा चिखल लिंपून डोंगर उठवितात, चढणीचे रस्ते काढतात. हिरवळीसाठी अळीव वा मोहरी पेरतात आणि ती चार दिवसांत उगवावी म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडतात. तट, बुरूज, महादरवाजा, तळे, भुयार यांवरून वाद होतात. शेवटी सिंहासनावर महाराज, दरवाजावर मावळे आणि पायथ्याशी शेतकरी व जनावरे बसविली जातात. थोरली मुले धाकट्यांना शिकवितात. मोठी माणसे क्वचितच लक्ष घालतात. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक याने १९१८ मध्ये प्रकल्पपद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केले. त्यात हेतू ठरविणे, आखणी करणे, काम पार पाडणे आणि झालेल्या कामाची पारख करणे असे चार टप्पे सांगितले आहेत. पुण्याच्या परिसरातील किल्ल्यात हे चारही टप्पे आढळतात. पारखीचे काम तर शेजारच्या आळीतील मुले निर्दयपणे करतात. शाळेला मात्र आपल्या दारातील या प्रकल्पाची दखल घेण्यास फार वेळ लागला.

ड्रॉइंगचा तास : सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८५३ मध्ये दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा उभी राहिली व १८५७ मध्ये तिचे वर्ग सुरू झाले. जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे १८६५ मध्ये तेथे अध्यापक म्हणून आले. शाळेतून कुशल कारागीर बाहेर पडावेत, हा सरकारचा हेतू होता. इंग्लंडमध्ये हेन्री कोल याच्या नेतृत्वाखाली साउथ केन्झिंग्टन येथून जी रेखन-शिक्षणाची व्यवस्था चालविली जात होती, तिचाच आदर्श येथे समोर होता. या व्यवस्थेत रेखन म्हणजे हाताचे व्याकरण समजले जाई. आधी सरळ रेषा, मग वक्ररेषा, मग छापील नमुन्यावरून पानाफुलांची वळणे, त्यानंतर घनाकृती आणि त्याही नंतर प्रत्यक्ष वस्तू, असा तिचा क्रम असे. कारखान्यासाठी नक्षीकार तयार करावयाचे असतील, तर हा क्रम अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. आठ वर्षांच्या मुलाला तो लावणे ही मात्र वेगळी गोष्ट होय.

शालेय विषय म्हणून रेखनाच्या शिक्षणाची आखणी १८७९ मध्ये झाली आणि ड्रॉइंग शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग जे. जे. कलाशाळेत १८९३ मध्ये निघाला. मधल्या काळात मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे (कार. १८८५–९०) यांनी तंत्रशिक्षणाचा पुरस्कार केला, कलाशाळेला जोडलेल्या कर्मशाळांना (१८९१) त्यांचेच नाव देण्यात आले. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. पण तेही मुख्यतः धंदेशिक्षणासाठी. म्हणजे ब्रिटिश मुलखात काय किंवा संस्थानात काय, रेखनाला मान मिळाला तो उपयोगामुळे. प्रशिक्षित ड्रॉइंग मास्तर माध्यमिक शाळांत नेमले गेले. गावच्या प्राथमिक शाळेत त्यांचे पाऊल पडले नाही. तेथे फळ्यावर गुरुजींनी काढलेले आंब्याचे वा कमळाचे चित्र पाटीवर उतरविणे, एवढीच चित्रकला होती.

एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकलेच्या श्रेणी परीक्षा याच परंपरेत जन्मल्या. राज्याचे कलासंचालनालय १९६५ मध्ये स्वतंत्रपणे स्थापन झाल्यापासून त्या संचालनालयामार्फत घेतल्या जातात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन हे त्यांतील परिचित विषय. महाराष्ट्रातील असंख्य मुलांना शिसपेन्सिलीचा आणि जलरंगाचा पहिला शिस्तशीर परिचय या परीक्षांनीच करून दिला, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. खेड्यातील ज्या मुलाला कलाशाळेचे नावही ठाऊक नव्हते, त्याला तेथवर जाण्याची वाट या परीक्षांमुळे दिसली. तथापि त्यांचा एक दुष्परिणामही झाला. चित्रकला म्हणजे ठराविक वेळात, ठराविक कागदावर, ठराविक विषयावर काढावयाची व श्रेणी मिळवावयाची वस्तू, अशी पालकांची व शिक्षकांची समजूत झाली आणि ती खालच्या इयत्तांपर्यंत झिरपली.

बालचित्राचा शोध : मूल चित्र काढते ते मोठ्यांच्या चित्राची बिघडलेली प्रत नसून त्याला स्वतःचे नियम असतात, हे युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ध्यानात येऊ लागले. फ्रान्झ चिझेक (१८६५–१९४६) याने १८९७ मध्ये व्हिएन्ना येथे मुलांसाठी कलावर्ग सुरू केला. तेथे नमुने गिरवावयास न देता मुलांना आपल्या मनातील चित्रे काढू दिली जात. त्याच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांचे प्रदर्शन १९२० मध्ये लंडन येथे भरले आणि इंग्रजी शाळांवर त्याचा मोठा परिणाम झाला. पुढे व्हिक्टर लोवेनफेल्ड याने १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांच्या चित्रविकासाच्या अवस्था वर्णिल्या. दोन ते चार वर्षांपर्यंत रेघोट्या. चार ते सात या काळात डोके व पाय एवढाच माणूस. सात ते नऊ या काळात ठरलेली चिन्हे व जमिनीची रेघ. आणि नवव्या वर्षानंतर दिसते तसे काढण्याची ओढ, असा तो क्रम आहे. वयाच्या या मर्यादा काटेकोर नाहीत. परंतु क्रम बहुधा चुकत नाही.

प्राथमिक शिक्षकाला या विवेचनाचा उपयोग पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक होतो. सात वर्षांचे मूल बैलगाडी काढते, तेव्हा दोन्ही चाके गाडीच्या दोन बाजूंना सपाट पसरलेली दिसतात. कारण गाडीला दोन चाके असतात हे त्याला माहीत असते व एक चाक लपविणे त्याला खोटेपणाचे वाटते. विहीर वरून पाहिल्यासारखी गोल. पण तिच्या काठावरची बाई समोरून पाहिल्यासारखी उभी असते. घराच्या भिंतीतून आतली चूल, पाळणा आणि आजी दिसते. आई बाबांपेक्षा मोठी असते, कारण त्या दिवशी ती रागावलेली असते. पंगतीच्या चित्रात ताटे वरून आणि जेवणारी माणसे दोन्ही बाजूंना आडवी पडलेली दिसतात. या गोष्टींना चुका समजून लाल शाई चालविणारा शिक्षक मुलाचे चित्र सुधारीत नाही. त्याची विचार करण्याची रीत खोडतो. उलटपक्षी नवव्या-दहाव्या वर्षी मुलाला स्वतःलाच आपले चित्र ‘बरोबर’ वाटेनासे होते. त्या वेळी मदत न करता ‘छान आहे’ असे म्हणत राहणे हाही हलगर्जीपणाच होय. मुक्त अभिव्यक्तीच्या पुरस्कर्त्यांनी या दुसऱ्या बाजूकडे पुरेसे लक्ष दिले नाही. पुष्कळ मुले याच वयात ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणून कायमची थांबतात आणि पालक होतात तेव्हा तेच वाक्य आपल्या मुलांना सांगतात.

वर्धा, बोर्डी आणि कोसबाड : महात्मा गांधींच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून मूलोद्योग शिक्षणाची योजना निघाली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. हाताच्या कामाला शाळेच्या केंद्रस्थानी आणणारी ही भारतातील पहिली मोठी योजना होय. तीत चित्रकला व संगीत यांचाही समावेश होता. तथापि समितीच्या वेळापत्रकात उद्योगाला ३ तास २० मिनिटे आणि संगीत, चित्रकला व गणित या तिन्हींना मिळून ४० मिनिटे देण्यात आली होती. उद्योगाने कलेला दारात आणले, पण बसावयास पाट दिला नाही. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने (१९३७–३९) मूलोद्योगी शाळांचा प्रयोग सुरू केला. अनेक ठिकाणी तो पुढे टकळी व सूत यांच्या हिशेबात अडकला.

सेवाग्राम येथे मात्र वेगळे काही घडले. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले देवी प्रसाद (१९२१–२०११) हे १९४४ मध्ये सेवाग्रामच्या नयी तालीम शाळेत कलाशिक्षक म्हणून आले व १९६२ पर्यंत तेथे राहिले. त्यांनी मुलांपुढे नमुने ठेवले नाहीत. मुलांच्या चित्रांचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि कला हा शिक्षणातील शोभेचा भाग नसून त्याचा पाया आहे, अशी मांडणी केली. हिंसेने ग्रासलेल्या जगात ज्याचा हात घडविण्यात रमतो त्याचा हात मोडण्याकडे वळत नाही, हा त्यांच्या विचाराचा गाभा. पुढे ते युद्धविरोधी चळवळीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे काम पाहू लागले, हे त्या विचाराशी सुसंगतच होते. वर्ध्याच्या मातीत झालेल्या या कामाची माहिती मराठी शिक्षकांपर्यंत फारशी पोहोचली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. हा प्रदेश आता पालघर जिल्ह्यात मोडतो. मादाम माँटेसरी यांना मुलांच्या मोकळ्या चित्रांविषयी विशेष आस्था नव्हती. हात तयार व्हावा म्हणून भौमितिक आकारांच्या साच्यांत रेषा भरण्यावर त्यांचा भर होता. ही साधने महाग असत. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी त्यांच्या जागी बिया, खडे, शिंपले, पाने, काटक्या, माती अशी भोवतालची साधने आणली. निरुपायातून निघालेल्या या वाटेने एक तत्त्व प्रस्थापित केले : कलासाहित्य विकत घ्यावे लागते असे नाही, ते ओळखावे लागते.

कोसबाडच्या परिसरातील वारली घरांच्या भिंतींवर लग्नप्रसंगी तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची चाल होती व तो मान स्त्रियांचा असे. १९७० नंतर जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्यामुळे ही चित्रे कागदावर आली व जगभर गेली. शालेय कलाशिक्षणावर याचा परिणाम विचित्र झाला. दोन त्रिकोण जोडून काढलेला माणूस आणि तारपानृत्याचे वेटोळे हा गुरुजींना सोपा, निरपवाद असा ‘प्रकल्प’ मिळाला. साउथ केन्झिंग्टनच्या पानाफुलांची जागा तारप्याने घेतली. गिरविणे तसेच राहिले.

अभ्यासक्रम व शासन : कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाला शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग ठरविले आणि कलाशिक्षणाच्या उपेक्षेबद्दल चिंता व्यक्त केली. ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये समाजोपयोगी उत्पादक कार्य ही संज्ञा रूढ केली. महाराष्ट्रात १९८८ च्या आणि नंतर २०१२ च्या प्राथमिक अभ्यासक्रमांत कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण हे विषय सर्व इयत्तांना नेमलेले आहेत. त्यांच्यासाठी बालभारतीने ‘खेळू, करू, शिकू’ ही पुस्तकमालाही काढली. मूल्यमापनाची पद्धती २०१० मध्ये बदलली, तेव्हा या विषयांना लेखी परीक्षा न ठेवता वर्षभराच्या नोंदींवरून श्रेणी देण्याचे ठरले. कागदावरची व्यवस्था अशी बरीच उदार आहे.

अडचण माणसांची आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. परंतु ती सहावी ते आठवीच्या वर्गांना आणि तीही शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांना. पहिली ते पाचवीपर्यंत वर्गशिक्षकानेच सर्व विषय शिकवावेत, अशी अपेक्षा आहे. म्हणजे ज्या वयात चित्र ही मुलाची दुसरी भाषा असते, नेमक्या त्या वयात कलाशिक्षक नाही आणि ज्या वयात ते चित्र सोडून देण्याच्या बेतात असते, तेथे तो अर्धवेळ मिळतो. शिक्षक-पदविकेच्या अभ्यासक्रमात कला हा विषय असतो खरा; पण नोकरीत आल्यावर गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्यासाठी पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा पडतो, हे कोणत्याही शाळेचे वेळापत्रक व प्रत्यक्ष कामकाज ताडून पाहिल्यास दिसेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यात इतर विषय कलेच्या साहाय्याने शिकवावेत असे म्हटले आहे. हे स्वागतार्ह असले, तरी त्यात धोका आहे. अपूर्णांक शिकविण्यासाठी कापलेला रंगीत कागद हा गणिताचा चांगला पाठ असेल. तो कलेचा पाठ झाला, असे समजणे म्हणजे पुन्हा तिला मोलकरीण करणे होय.

स्पर्धांचाही उल्लेख केला पाहिजे. व्यंगचित्रकार शंकर पिळ्ळै यांनी दिल्लीत १९४९ पासून मुलांसाठी चित्रस्पर्धा सुरू केली. तिचा हेतू जगभरच्या मुलांना एकत्र आणण्याचा होता. तिच्या मागून गल्लोगल्ली ज्या स्पर्धा निघाल्या, त्यांनी एक सर्वमान्य चित्र घडविले : दोन डोंगर, त्यांच्या मधून वर येणारा सूर्य, वळत येणारी नदी, कौलारू झोपडी आणि एक नारळाचे झाड. ज्या मुलांनी अंगणात नारळ कधी पाहिला नाही, तीही तो काढतात व बक्षीस मिळवितात.

औद्योगिक पट्ट्यातील शाळा : पुण्याच्या वायव्येस पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) टेल्को, बजाज ऑटो यांसारखे मोठे उद्योग आले. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये व महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. हा पट्टा पुढे चाकणपर्यंत पसरला. मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे शेतीवर जगणारे गाव होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले आणि शेजारच्या माण, मारुंजी, वाकड या गावांसह सारा परिसर एका पिढीत पालटला.

टेल्कोच्या पुणे येथील कारखान्यात कानपूरच्या तंत्रशिक्षण संस्थेतून १९७५ मध्ये पदवी घेतलेले अरविंद गुप्ता हे अभियंते होते. तेथून रजा घेऊन ते १९७८ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण-उपक्रमात गेले. सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी आणि आगकाडी यांपासून त्रिकोण, चौकोन, घन व घरे बांधण्याची त्यांची युक्ती तेथे जन्मली. नंतर त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी रचली व पुण्याच्या आयुका या संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात अनेक वर्षे काम केले. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचा विषय विज्ञान खरा; परंतु घडीकाम व बांधणीकाम यांना मराठी शाळांत जो मान मिळाला, त्याचे बरेच श्रेय त्यांच्याकडे जाते. ट्रक बनविणाऱ्या कारखान्यातला माणूस आगकाड्यांकडे वळावा, हे या पट्ट्याच्या इतिहासातील एक मनोज्ञ पान आहे.

या परिसरातील जिल्हा परिषदेच्या व महानगरपालिकेच्या शाळांत आज स्थानिक शेतकऱ्यांच्या मुलांबरोबर मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कर्नाटक, बिहार, उत्तर प्रदेश इ. भागांतून आलेल्या कामगारांची मुले बसतात. बांधकामावरील मजुरांची मुले वर्षातून दोन-तीन ठिकाणे बदलतात. रजनी परांजपे व बीना लष्करी यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेली डोअर स्टेप स्कूल ही संस्था मुंबई व पुणे येथे अशा मुलांपर्यंत शाळा नेण्याचे काम करते. ज्या वर्गात चार भाषा बोलल्या जातात, तेथे चित्राचे मोल वेगळेच ठरते. मराठी न समजणारे मूल महिनाभर गप्प असते. पण कागद दिल्यावर गावाकडचे घर, रेल्वेचा डबा आणि अकराव्या मजल्यावरची परात डोक्यावर घेतलेली आई काढून दाखविते. शिक्षकाला त्याची पहिली ओळख तेथे होते आणि वर्गाला त्याच्याशी बोलण्याचे निमित्त मिळते. चित्रातील वस्तूंची नावे विचारता विचारता मराठीचा पहिला पाठही होऊन जातो.

कलाप्रकल्पासाठी विषय शोधण्यास या गावांत दूर जावे लागत नाही. हिंजवडी-वाकडचे ग्रामदैवत म्हातोबा. त्याच्या चैत्रातील उत्सवात बगाडाची मिरवणूक निघते. असा विषय तिसरी-चौथीच्या वर्गाला दिला, तर काम साधारण दोन आठवडे चालते. पहिल्या दिवशी केवळ बोलणे : कोणी काय पाहिले, काय ऐकले, कशाची भीती वाटली. ज्यांनी यात्रा पाहिली नाही ती मुले आपल्या गावची जत्रा सांगतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने स्वतःचे एक माणूस, जनावर वा दुकान काढून, रंगवून कापावयाचे. मग जुन्या वर्तमानपत्रांवर कागद चिकटवून लांब पट्टी तयार करावयाची व तीवर ही माणसे लावावयाची. येथे खरी कसोटी लागते, कारण कोणाचा घोडा देवळाहून मोठा असतो आणि कोणाचे फुगेवाले पाच असतात. काय पुढे, काय मागे, गर्दी कशी दाखवावयाची, हे मुलांनी भांडून ठरवावे. शिक्षकाने प्रश्न विचारावेत, कात्री हातात घेऊ नये. जमिनीसाठी भेंडी व कांदा यांचे ठसे, देवळासाठी गेरू व कोळसा, झेंडूसाठी हळद पुरते. बैल मातीचे वा कागदाच्या लगद्याचे करता येतात. लगद्यात थोडी मेथीची पूड घातल्यास तो घट्ट बसतो व त्याला कीड लवकर लागत नाही. काम पुरे झाल्यावर ते भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावावे. पुष्कळ शाळांत ते अधिकाऱ्यांच्या डोळ्यांच्या उंचीला लावले जाते.

कंपनी अधिनियम, २०१३ नुसार ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यासाठी खर्चावे लागतात. त्यामुळे या पट्ट्यातील शाळांना रंग, कागद, संगणक, स्वच्छतागृहे मिळाली, हे उघड दिसते. कर्मचाऱ्यांचे गट एक दिवस शाळेत येऊन भिंतीही रंगवितात. भिंत उजळते, पण तीवर दूरचित्रवाणीवरील मांजरे व अस्वले येतात आणि मुले त्या दिवशी बहुधा प्रेक्षक असतात. तीच भिंत गेरूने सारवून मुलांच्या हाती दिली व आलेल्या पाहुण्यांनी पाणी आणून देण्याचे काम केले, तर खर्च कमी होईल. भिंत तेवढी नेटकी दिसणार नाही, हे खरे.

दिवाळीच्या किल्ल्याची स्थितीही याच बदलाबरोबर पालटली. बहुमजली वसाहतींत माती नाही, पोते नाही आणि फरशी खराब होते म्हणून परवानगीही मिळत नाही. प्लॅस्टरचे तयार किल्ले बाजारात मिळतात व गच्चीत ठेवले जातात. मळलेल्या हातांचा तो आठवडा ज्या मुलांच्या वाट्याला येत नाही, त्यांची संख्या वाढत आहे. काही शिक्षक सहामाही परीक्षेनंतर शाळेच्या आवारातच किल्ला बांधू लागले आहेत. एरवी शाळेबाहेर शिकली जाणारी कला शाळेत आणण्याची वेळ यावी, हा इतिहासाचा उलटा प्रवास म्हणावा लागेल. परंतु ज्या शाळेला मैदान आहे तिने तो करावा, हे उत्तम. अशा कामात श्रेणीची नोंद करताना बुरूज किती रेखीव झाला हे न पाहता, कोणी काय सुचविले, कोणाच्या सूचनेवर काय बदलले आणि कोसळलेला तट पुन्हा कसा रचला, हे लिहिणे सयुक्तिक ठरते. चित्रांच्या बाबतीतही मागील बाजूस तारीख घालून मुलाने स्वतःच्या चित्राविषयी उच्चारलेले वाक्य त्याच्याच बोलीत टिपून ठेवावे. वर्षाच्या शेवटी अशी दहा-बारा चित्रे क्रमाने मांडली, म्हणजे मुलाची वाढ पालकांना श्रेणीच्या अक्षराशिवायही वाचता येते.